शेंड्याकडची खूण

टेबलवाला आला तो चकचकीत बूट घालून, आणि खाडीच्या चिखलात पहिल्याच पावलाला त्याचा डावा बूट गेला. पाय वर आला, बूट आला नाही. धक्क्यावरची माणसं तोंड फिरवून हसली. शेंडेबाई मात्र समोरासमोर हसली. हसू दाबणाऱ्यातली ती कधीच नव्हती, आणि आता सत्तरीला टेकल्यावर कुणासाठी दाबायचं?

शेंडेबाई हे तिचं आडनाव नव्हे. ते नाव तिला थोरल्या भावाने, दादाने, लहानपणी चिकटवलं होतं. ते इतकं घट्ट बसलं की होड्यांच्या त्या कारखान्यात नवा येणारा माणूस तेच खरं आडनाव समजे. ते का पडलं होतं, हे साठ वर्षं रोज हाक मारणारा दादासुद्धा विसरून गेला होता. शेंडेबाई विसरली नव्हती. ती काहीच विसरत नसे, आणि घरात सगळ्यांना तिच्या याच गुणाचा जास्त त्रास होता.

कारखाना म्हणजे काय, तर खाडीकाठी एक लांब पत्र्याची शेड, लाकडाचा भुसा, डांबराचे डबे, आणि ठोकाठोकीचा आवाज. तिच्या वडिलांनी तो उभा केला. होड्या बांधायच्या त्या उंडीच्या लाकडाच्या. उंडीचं झाड समुद्राच्या काठाला, खाऱ्या वाऱ्यात, पाण्याकडे झुकून वाढतं. पानं जाड, तेल लावल्यासारखी चकाकणारी. पांढरी फुलं पडली की खाली सडा, आणि मग सुपारीहून मोठी गोल फळं, ज्यांच्या पोरं गोट्या करतात. लाकूड असं चिवट की खिळा ठोकला तरी फाटत नाही, कारण त्याच्या रेषा वेणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. फळातला गर उन्हात वाळवून घाण्यात घातला की हिरवंगार, दाट तेल निघतं. होडीच्या बुडाला ते चोपडलं की पाण्यातली कीड तिकडे फिरकत नाही. तिच्या आईच्या काळी दिव्यात तेच, भेगाळलेल्या टाचांना तेच आणि धरलेल्या गुडघ्यांनाही तेच. वास मात्र असा की सवय नसलेला माणूस नाक धरून बोलतो.

या कारखान्यात पुरुष होड्या बांधत आणि बायका फटी भरत. फळीला फळी लागली की मधे राहिलेल्या सांध्यात कापसाची वळलेली वात बोथट पटाशीने ठोकत जायचं आणि वरून राळ आणि उंडीचं तेल कढवून ओतायचं. शेंडेबाईच्या आईने जन्मभर हेच केलं. शेंडेबाईने पंचावन्न वर्षं केलं. खाडीत फिरणाऱ्या एकेका होडीच्या पोटातला सांधा न् सांधा तिला पाठ होता. पण होडीचा कणा, म्हणजे ज्याच्यावर सगळी होडी उभी राहते ते तळाचं लांब लाकूड, तिने कधी मांडला नव्हता. कणा मांडतो तो मिस्त्री. मिस्त्री म्हणून आधी वडिलांना हाक मारत, आता दादाला.

आणि दादाने कारखाना विकला होता.

त्याचंही फार चुकलं असं नाही. लाकडी होड्या कुणी मागेना. सगळ्यांना हलक्या, प्लास्टिकच्या हव्या. मुलं दूर कामाला गेलेली. जागा घेणाऱ्याने महिनाअखेरीला कुलूप लावायचं ठरवलं होतं. शेड गेली, अवजारं गेली. शेंडेबाईने एका शब्दाने विचारलं नाही. पण टेबलवाला कशाला आला, असं तिने दुपारी वहिनीला विचारलं, तेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते चिखलातले ओंडके नाहीत का, ते घेतोय. त्यांची म्हणे मोठाली टेबलं करतात. जितकं जुनं तितकं भारी."

शेंडेबाईने तेलाची कढई खाली उतरवली आणि ती तशीच, हात न पुसता, शेडमध्ये गेली.

"दादा, त्यात एक माझा आहे."

दादा चष्मा कपाळावर चढवून यादी बघत होता. "कुठला तुझा?"

"तिसऱ्या खांबाच्या रेषेत, सगळ्यात खोल. बाबांनी मला दिलेला."

"तो कधीच निघाला, शेंडेबाई. मोठा मचवा बांधला त्यात गेला असेल. बाबांच्याच हयातीत."

"निघाला नाही. प्रत्येक मोठ्या ओहोटीला त्याची पाठ दिसते, मी बघते."

"बरं. उद्या काढतोच आहोत. तुझी खूण असली तर तुझा."

"असेल."

"नसली तर त्याचा." आणि त्याने चष्मा खाली ओढला. बोलणं संपलं असं सांगायची त्याची ही रीत होती.

खुणेची गोष्ट सांगायला हवी. उंडी तोडली की वडील ती लगेच चिरत नसत. ओंडका खाडीच्या चिखलात पुरायचा, दोन-चार वर्षं तसाच ठेवायचा. खारं पाणी आत मुरतं, झाडाचा रस निघून जातो, मग ते लाकूड तडकत नाही की किडत नाही. काठावरच्या चार कारखान्यांचे ओंडके एकाच चिखलात झोपलेले, म्हणून ज्याची त्याची खूण. ओंडक्याचा बुडखा, म्हणजे मुळाकडचं जाड टोक, काठाकडे ठेवायचं आणि त्याच्यावर पटाशीने खूण कोरायची. शेंडा खाडीकडे, खोल चिखलात. ओहोटीला काठावरून चालत जाताना नुसती नजर टाकली की कुणाचा ओंडका ते कळे. एका ओंडक्यावर एकच खूण. दोन खुणा दिसल्या तर तो चोरीचा समजायचा. आणि खुणेवर वाद नाही. बिनखुणेचा ज्याच्या हद्दीत, त्याचा.

शेंडेबाई नऊ वर्षांची होती तेव्हा काठावरची एक उंडी वाऱ्याने आडवी झाली. तिच्याच फांद्यांवर ती आणि दादा दुपारभर लोंबकळत असत. झाड पाण्याकडे झुकून वाढलेलं, म्हणून खोडाला शेंड्याकडे एक सुरेख बाक होता, हंसाच्या मानेसारखा. त्या दिवशी दादा तापाने फणफणलेला. वडिलांनी पटाशी तिच्या हातात दिली. घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी होती: वडिलांच्या तीन उभ्या रेघा, दादाच्या तीन रेघा आणि खाली आडवी एक. वडील म्हणाले, "तू तुझी कर. तीन रेघा आणि खाली गोल." तिने जीव लावून कोरलं. तासभर लागला, अंगठ्याला फोड आला. वडील ओंडका ढकलायला माणसं घेऊन आले आणि बघतात तर पोरीने खूण केली होती ती शेंड्याकडे.

माणसं पोट धरून हसली. वडीलही हसले. पण दुसरी खूण करायची तर ओंडका चोरीचा ठरतो. ते म्हणाले, "राहू दे. मी आहे तोवर याला कुणी हात लावणार नाही. तू होडी बांधशील तेव्हा काढू." ते गमतीने म्हणाले की खरंच, हे तिला त्यांना पुढे कधी विचारता आलं नाही. ती सोळा वर्षांची असताना ते गेले. त्यानंतर ती दादाला दर वर्षी म्हणायची, मी एक होडी बांधू का? आणि दादा दर वर्षी वाटाण्याच्या अक्षता लावायचा. यंदा काम फार आहे. यंदा काम नाही. लोक काय म्हणतील. पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी ओहोटी होती. टेबलवाल्याने चार माणसं, साखळ्या आणि एक मशीनची करवत आणली होती. या वेळी त्याच्या पायात रबरी बूट होते. कारखान्याच्या बाजूने दादा आणि करवत्या. करवत्या हा जन्मभर ओंडके चिरणारा, डाव्या कानाने ठार बहिरा, उजव्याने सोयीपुरता.

एकेक ओंडका मोकळा होत गेला. दादा बुडखा पुसायचा आणि मोठ्याने सांगायचा, "बाबांची. बाबांची. माझी." टेबलवाला यादीवर टिक करायचा. सहा झाले. सातवा तिसऱ्या खांबाच्या रेषेत, सगळ्यात खोल. त्याचा बुडखा उघडा करायलाच पाऊण तास गेला. दादाने फडकं फिरवलं, मग हात फिरवला, मग पुन्हा फडकं.

"काही नाही," तो म्हणाला. "बिनखुणेचा. कारखान्याचा."

शेंडेबाई काठावर उभी होती. पदर खोचलेला, हातात तेलाचा डबा आणि तिची बोथट पटाशी. "शेंड्याकडे बघ."

"शेंड्याकडे कोण खूण करतं?"

"नऊ वर्षांची पोर करते."

दादाने टेबलवाल्याकडे बघून ओशाळं हसू आणलं. टेबलवाला घड्याळ बघत होता. "काका, तिकडे फार चिखल आहे. आणि भरती लागेल तासाभरात. तो शेंडा तसाही वाकडा आणि बारीक, टेबलाला उपयोगाचा नाही. तेवढा कापून टाकू, बाकीचा सहज निघेल." त्याने आपल्या माणसाला इशारा केला. मशीनची करवत घरघरली.

शेंडा कापला की खाडी तो गिळणार आणि त्याबरोबर ती खूणही. हे कळायला शेंडेबाईला विचार करावा लागला नाही. ती चिखलात उतरली. मांडीपर्यंत रुतत, ओंडक्याला धरून धरून, ती जिथे कापायचं होतं तिथे पोचली आणि ओंडक्यावर बैठक मारून बसली.

"आजी, उठा हो. लागेल तुम्हाला," टेबलवाला म्हणाला.

"मला उठायला अर्धा तास लागतो, पोरा. माझ्या गुडघ्यांना विचार. तेवढ्या वेळात तुझ्या माणसांनी मागचा चिखल उपसावा."

"शेंडेबाई, तमाशा करू नकोस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती.

"दादा, तू मला शेंडेबाई का म्हणतोस?"

"आता हे काय मध्येच?"

"सांग ना. साठ वर्षं म्हणतोस. कुणी ठेवलं हे नाव?"

"मीच ठेवलं."

"का ठेवलं?"

दादाने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघाभर चिखलात उभा, आणि चेहरा एकदम अकरा वर्षांच्या आजारी पोरासारखा झाला, ज्याला अंथरुणावर पडल्या पडल्या माणसांचं हसणं ऐकू आलं होतं आणि बाहेर काय गंमत झाली ते नंतर कळलं होतं. मशीनची करवत धरलेल्या माणसाकडे बघून त्याने हात वर केला. घरघर थांबली.

"काका, भरती," टेबलवाला म्हणाला.

"भरती मला कळते," दादा म्हणाला.

आधी फावडं उचललं ते करवत्याने. त्याला किती ऐकू आलं होतं देव जाणे, पण तो आला आणि शेंड्याच्या बाजूने उपसू लागला. शेंडेबाई ओंडक्यावरूनच वाकून हाताने चिखल ओढत होती. टेबलवाल्याची माणसं एकमेकांकडे बघत उभी. चिखल उपसावा तितका पुन्हा भरत होता. पाणी चोरपावलांनी आलं. आधी बोटभर, मग पोटरीपर्यंत. मग दादाही आला. तो उपसताना एकच वाक्य दोनदा म्हणाला, "नसली तर उठायचं." ती दोन्ही वेळा म्हणाली, "उपस."

बाक उघडा झाला. काळा, गुळगुळीत, साठ वर्षांच्या गाळाने लिंपलेला. तिने पटाशीच्या बोथट कडेने गाळ खरवडला. खाली नुसतं काळं लाकूड. कुठे रेघ नाही. टेबलवाल्याने सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला. करवत्याने फावडं टेकलं.

शेंडेबाईने डबा उघडला आणि उंडीचं तेल तळहातावर घेऊन त्या लाकडावर चोळायला सुरुवात केली. गोल गोल, जोर लावून, जसं ती रोज स्वतःच्या गुडघ्यांना चोळत असे. लाकडाने तेल पिऊन रंग धरला, तपकिरीतून तांबूस झालं. पण कोरलेल्या खाचांत घट्ट बसलेला गाळ तेल पीत नाही. तो राखाडीच राहिला. तांबूस लाकडावर एकेक राखाडी रेघ वर येत गेली. एक. दोन. तिसरी जरा वाकडी. आणि त्यांच्या खाली गोल, गोल कसला, पोराने ओबडधोबड लाटलेल्या पोळीसारखा काहीतरी आकार.

पाणी ओंडक्याच्या पोटाला लागलं होतं.

"तिसरी रेघ वाकडी आली," ती म्हणाली, "कारण अंगठ्याला फोड आला होता."

टेबलवाला भला माणूस होता, पण हट्टी. "आजी, माझ्या यादीत सात आहेत. काकांनी सही केली आहे. हवं तर यातलं एक छानसं टेबल मी तुम्हाला करून देतो. नातवंडं जेवायला बसतील."

"टेबलावर बसून मी खाडी ओलांडू?"

"यादीत सहा कर," दादा म्हणाला.

"पण काका, सही..."

"खुणेवर वाद नाही. इथे तुझी सही चालत नाही, माझीही नाही." मग तो बहिणीकडे वळला. आवाजात अजून खार होता. "घे तुझा ओंडका. पण महिनाअखेरीला शेडला कुलूप लागतंय. बांधणार कुठे?"

"कुलूप दाराला लागतं. खाडीला दार नाही."

"आणि बांधणार कोण?"

"मी."

"या वयात?"

"तरुण होते तेव्हा तू बांधू दिलं असतंस तर हे वय आलं नसतं."

दादाने दोरखंड उचलला आणि बुडख्याला गाठ मारली. भरती पुरती चढली तेव्हा ओंडका चिखलातून सुटला, जड म्हशीसारखा अर्धा पाण्यात राहून हळूहळू तरंगला. करवत्याने आणि तिने तो दोराने ओढत काठाकाठाने तिच्या घरामागे नेला. वाटेत ती दोनदा दम घ्यायला थांबली. मदत करू का, असं टेबलवाल्याच्या माणसाने विचारलं तर म्हणाली, "नको. मग म्हणशील मी ओढला."

तिने ओंडका तीन आठवडे सावलीत ठेवला, ओली पोती टाकून, घाईने वाळू नये म्हणून. पुरुष मिस्त्री एवढा धीर क्वचितच धरतात. तेवढ्या दिवसांत कारखान्याला कुलूप लागलं. वहिनी येऊन बघून गेली आणि नाक मुरडत म्हणाली, सगळ्या घराला तेलाचा वास येतोय. शेंडेबाई म्हणाली, येऊ दे.

चिरायचं ठरलं त्या सकाळी ओंडका दोन लाकडी घोड्यांवर चढवलेला होता. करवत्या आपली मोठी करवत कानशीने घासत बसला होता. दादा आला. खांद्यावर लाकूड तासायचा वाकस.

"कशाला आलास?"

"बघायला."

"बघायला वाकस लागत नाही."

तो ओंडक्याभोवती एक फेरी मारून आला. बाकावर हात ठेवला, खुणेवरून अंगठा फिरवला, आणि त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. "हे काय, शेंडा पुढे ठेवलास? कणा घालताना बुडखा पुढे घेतात. बाबा घेत."

"बाक शेंड्याकडे आहे. शेंडा पुढे घेतला तर कणा आणि होडीची पुढची मान एकाच लाकडात निघते. सांधा नाही. आणि सांधा कुठे गळतो ते मला विचार, पंचावन्न वर्षं तुझे सांधे भरलेत."

दादाने डोळे बारीक करून बाक मापला. ती बरोबर बोलत होती, आणि हे त्याला दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे तिला दिसत होतं.

"लोक हसतील," तो म्हणाला. पण आता त्यात दम नव्हता.

"साठ वर्षं हसतायत. दमले नाहीत अजून?"

करवत्या उठला. करवतीवरून तेलाचं फडकं फिरवलं आणि नेहमीसारखं, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, कुठून चिरायचं?"

दादाने सवयीने तोंड उघडलं. पण करवत्या त्याच्याकडे बघतच नव्हता.

शेंडेबाईने चिरायची रेघ उमटवायला गेरूत भिजवलेलं सूत उचललं. एक टोक बुडख्यावर आपल्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं भावाकडे फेकलं. "हे धर. शेंड्याकडे जा. खुणेच्या अलीकडे धर, खूण कापायची नाही. आणि घट्ट धर, ढिलं धरलंस तर रेघ वाकडी येईल."

दादाने वाकस भिंतीला टेकवला, कटकट वाजणाऱ्या गुडघ्यांवर खाली बसला आणि सुताचं टोक त्या ओबडधोबड गोलाच्या अलीकडे अंगठ्याने दाबून धरलं.

तिने सूत वर उचललं, ताणलं आणि सोडलं.